शेवटच्या बाकावरचा उतारू

१

ओल्या बुटांनी घरात येणाऱ्या माणसाला देवानंही माफ करू नये, असं आक्कांचं मत होतं; आणि आक्कांच्या मतावर त्या घरात अपील नव्हतं.

"पुन्हा! अहो, आत्ता पुसलीय मी फरशी," त्या हातातली इस्त्री आपटून ओरडल्या. "बाहेर धुरळा उडतोय, आणि तुमचे बूट मात्र तळ्यातून काढल्यासारखे. त्या न्हाव्याच्या दुकानात नदी वाहते की काय?"

"तो दुकानापुढं पाणी मारतो," नवरा म्हणाला. कापडी बूट त्यानं दारामागं उभे करून ठेवले आणि पाय धुवायला मोरीत गेला. फरशीवर निळसर ठसे उमटले होते.

पुढच्या खोलीत आक्कांचं इस्त्रीचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. नवऱ्याची सगळी हयात बस चालवण्यात गेली. डेपोत त्याला अजून 'उस्ताद' म्हणतात, कारण निम्मे ड्रायव्हर त्याच्या हाताखाली गिअर टाकायला शिकले. निवृत्त झाल्यापासून तो न्हावी मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जायचा. कधी सकाळी, कधी टळटळीत दुपारी. बुद्धिबळाला वेळकाळ नसतो म्हणे. एक गोष्ट मात्र आक्कांना मनापासून आवडली होती: तंबाखूची डबी सुटली होती. डॉक्टर सांगून थकला तेव्हा सुटली नाही, आणि आता आपोआप सुटली.

पण ओल्या बुटांपेक्षा मोठा गुन्हा दुसराच होता. म्हातारा पोटच्या लेकीशी बोलत नव्हता.

रस्त्याच्या मधोमध कठडे घालून नवा मार्ग झाला, काचेची स्थानकं आली, कार्ड लावल्याशिवाय न उघडणारी फाटकं आली, आणि दोन डब्यांच्या, मधे पेटीच्या भात्यासारखा जोड असलेल्या लांबलचक बस आल्या. उस्तादची जुनी गाडी भंगारात गेली. त्या दुःखावर मीठ म्हणून की काय, धाकटी लेक त्या नव्या बसची ड्रायव्हर झाली. घरात तिला बुटकी म्हणत. घरातलं सगळ्यात आखूड माणूस गावातल्या सगळ्यात लांब गाडीवर!

"एवढं धूड बाईमाणसाच्या हातात? माणसं मारशील एखाद दिवशी," बाप भरल्या ताटावर म्हणाला होता. "तुझ्या त्या गाडीत मी पाय ठेवीन तर नाव बदलीन."

तेव्हापासून दोघांचं बोलणं आक्कांमार्फत चाले. "तिला सांग, पाण्याचा तांब्या इकडे दे." तांब्या हातभर अंतरावर असायचा.

त्या संध्याकाळी बुटकी आली ती गणवेशाचा कोट खांद्यावर टाकून, आणि थेट इस्त्रीच्या टेबलाशी येऊन कुजबुजली, "आई, माझं स्टिअरिंग काढून घेताहेत. सोमवारी चौकशी आहे."

"कुठं ठोकलीस?"

"ठोकली नाही गं. माझ्या गाडीत चढलेला एक माणूस उतरतच नाही."

"म्हणजे गाडीतच बिऱ्हाड केलंय त्यानं?"

"गाडी रिकामी असते, आई. तो चढतो. मग कुठल्याच स्थानकावर उतरत नाही. रोज."

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला. बुटकीनं आईचा हात दाबला. "बाबांना सांगायचं नाही. तुला शपथ आहे. 'मी म्हटलं नव्हतं?' हे त्यांच्या तोंडून मला ऐकायचं नाही."

२

डेपोचे साहेब वयानं लहान आणि आवाजानं मऊ होते. आक्का बोलावल्याशिवाय आल्या आणि सांगितल्याशिवाय बसल्या.

"माझी लेक चोर आहे असं म्हणणं आहे का तुमचं?"

"चोर नाही हो, आक्का. पण हे बघा. आत जाताना फाटकाला कार्ड लावायचं, बाहेर पडताना पुन्हा लावायचं. जेवढं अंतर, तेवढं भाडं. आता एक कार्ड तुमच्या घराजवळच्या स्थानकात लागतं, आणि बाहेर पडताना कुठंच लागत नाही. ज्या वेळी लागतं, त्या वेळी तिथून एकच गाडी सुटते. तुमच्या मुलीची."

"एखादा धांदरट असेल. विसरत असेल."

"कार्ड लावल्याशिवाय दांडा फिरत नाही. विसरला तर आतच अडकेल. म्हणून आमचा संशय असा, की ती मधेच दार उघडून कुणाला तरी उतरवते. राखीव मार्गावर स्थानकाबाहेर दार उघडणं म्हणजे..." साहेबांनी हात पसरले. "मागून दुसरी गाडी त्याच पट्ट्यात येत असते. माणूस चिरडेल."

"उघडलेलं कुणी बघितलं?"

"नाही. या गाड्यांत कॅमेरे अजून बसायचेत. आणि कार्डावर नाव नसतं. खिडकीवर कुणालाही मिळतं."

आक्का विचारात पडल्या. "बाहेर पडताना कार्ड नाही लावलं, तर पैसे वाचतात का?"

"उलट. सगळ्यात लांबचं भाडं कापलं जातं."

"म्हणजे हा चोर जास्त पैसे देऊन चोरी करतो? असला चोर मला आणून दाखवा, मी त्याला जेवायला घालते."

साहेब हसले नाहीत. "तेच तर वाईट आहे, आक्का. पैशाची पर्वा नाही, फक्त कुणाला दिसायचं नाही. नेहमी तिच्या पाळीच्या शेवटच्या फेरीला. तिची पाळी ऐनवेळी बदलली, तरी हा माणूस बरोबर त्याच फेरीला हजर. डेपोत लोक बोलायला लागलेत की तिचं कुणीतरी..."

"लोकांच्या जिभेवर मी इस्त्री फिरवीन," आक्का उठत म्हणाल्या. लेक खोटं बोलत नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि दाखवून देणं यांत मात्र अख्खा डेपो आडवा पडला होता.

३

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मोठ्यांदा जाहीर केलं, "उद्या मी बुटकीच्या गाडीत बसणार. शेवटच्या फेरीला. मलाही बघू दे काय ते."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "कशाला? चक्कर येईल तुला."

"आली तर बसायला बाक आहेत तिथं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यातलं पहिलं कार्ड घेतलं. फाटकावर ते उलटं लावलं, मग सुलटं, मग जरा जोरात आपटलं. "हळू, आजी, ते दार नाही," मागची मुलगी म्हणाली. हिरवा दिवा लागला, दांडा फिरला, आणि आक्का आत.

आणि मग ती गाडी आली.

आक्कांनी तिला रोज लांबून पाहिली होती. पण फलाटावर उभं राहून बघणं वेगळं. ती आली, येत राहिली, आणि अजून येतच होती. एवढं मोठं घर चालत यावं आणि कठड्याला न घासता काठाशी थांबावं, तसं. गाडीची दारं स्थानकाच्या दारांसमोर अशी नेमकी आली की मधल्या फटीत बोट गेलं नसतं. दोन्ही दारं एकदम उघडली. आणि पार पुढं, काचेच्या खोलीत, उशी पाठीशी घेऊन बसलेली त्यांची बुटकी.

आक्का भात्याजवळ बसल्या. वळणावर गाडी मधून दुमडली. पुढचा डबा दुसऱ्याच रस्त्याला गेल्यासारखा वाटला, आणि मागचा शहाण्या वासरासारखा त्याच्या मागं गेला. कुणी हललं नाही. एक बाई उभ्यानं डोळे मिटून पेंगत होती, तिची मानसुद्धा कलंडली नाही. कठड्याबाहेर गाड्या कर्णे वाजवत खोळंबल्या होत्या, आणि ही त्यांच्या मधून पाण्यासारखी चालली होती. आक्कांनी पदर डोळ्यांकडे नेला. मग त्यांनी स्वतःला बजावलं: रडायला नाही, चोर धरायला आलीस.

शेवटच्या स्थानकावर सगळे उतरले. गेटवाला हसतमुख होता, म्हणून आक्कांनी आधी त्यालाच धरला. "हे बाजूचं फाटक कुणासाठी?"

"चाकांच्या खुर्चीसाठी. थांबा, दाखवतो." त्यानं किल्ली फिरवली आणि अशी घंटा ठणाणली की अर्धं स्थानक मागं वळून बघायला लागलं. चोरून माणूस सोडायचं ते दार नव्हे. गेटवाला सुटला.

संध्याकाळी बुटकी घरी आली ती गोंधळलेलीच. "आई, आज सगळी कार्डं बरोबर आहेत. आज कुणीच नाहीसं झालं नाही."

आक्कांच्या हातातली इस्त्री थबकली. आपण जाणार हे त्यांनी डेपोत कुणाला सांगितलं नव्हतं. साहेबांना नाही, गेटवाल्याला नाही. सांगितलं होतं ते फक्त जेवताना, या घरात.

४

"मला एक सांग," आक्कांनी लेकीला गॅलरीत नेऊन विचारलं. "शेवटच्या स्थानकावर गाडी रिकामी झाली, हे तुला कसं कळतं? तुला मागचं दिसतं?"

"भात्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. सफाईवाली मावशी मागच्या दारानं चढते. सगळे उतरले की ती भात्यापाशी येऊन पिवळं फडकं हलवते, ते मला आरशात दिसतं. मग मी गाडी डेपोत नेते."

"म्हणजे गाडी रिकामी आहे, असं तू म्हणत नाहीस. फडकं म्हणतं."

सफाईवाली डेपोतल्या धुण्याच्या चौकात भेटली. तिथं उंच उंच ब्रश गरगरत होते आणि एक गाडी त्यांच्यामधून अंग घासून घेत पुढं सरकत होती. आक्का बघतच राहिल्या. मग भानावर येऊन म्हणाल्या, "काय गं, शेवटच्या बाकाखाली काय सापडतं तुला रोज?"

"काही नाही, आक्का. तो बाक तर पुसायलाही लागत नाही. पुसूनच..." तिनं जीभ चावली.

"पुसूनच काय? पुसूनच ठेवलेला असतो? कोण पुसतं?"

मावशीनं पदराचं टोक तोंडात धरलं. "मला शपथ घातलीय."

"खोटं फडकं हलवलंस तू. माझ्या लेकीचं स्टिअरिंग जातंय त्यापायी."

"जातंय?" मावशीचा चेहरा पडला. "मला हे कुणी नाही सांगितलं! आणि खोटं नाही हो हलवलं. उतारू उतरले की फडकं हलवायचं, एवढंच माझं काम. डेपोचं माणूस गाडीतून डेपोत आलं, तर त्याला कुणी उतारू म्हणतं का? पाळी सुटलेले ड्रायव्हर येतात, मिस्त्री येतात. घरचं माणूस मोजायचं नाही, ही इथली पहिल्यापासूनची रीत."

"म्हणजे डेपोचं माणूस. नाव?"

"जीभ कापली तरी नाही. पण बघा, तिथून जातं." तिनं चौकापलीकडचं मोठं फाटक दाखवलं. तिथून गाड्या आत-बाहेर करत होत्या. फाटकाशी पहारेकरी होता. कार्ड लावायचं मशीन मात्र नव्हतं. तिथून जाणाऱ्याला कोण कशाला कार्ड विचारेल?

आक्का त्या फाटकाकडे चालू लागल्या, आणि मधेच थांबल्या. चपलांत गार लागलं. त्यांनी खाली पाहिलं. गाड्या धुतल्याचं निळसर फेसाचं पाणी सगळ्या चौकभर पसरलं होतं, आणि त्यांचे पाय घोट्यापर्यंत भिजले होते.

५

घरी आल्यावर त्यांनी आपल्या चपला दारामागच्या कापडी बुटांशेजारी ठेवल्या. तोच निळा रंग, तोच साबणाचा वास.

मग नवऱ्याचा सदरा हातात घेतला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कपडे हाताळले आणि घरचा सदरा नीट पाहिला नाही! बुद्धिबळ खेळणारा माणूस पुढं वाकतो; सुरकुत्या पोटावर पडतात. इथं पोट कोरं होतं आणि पाठीवर आडव्या घड्या, टेकून बसल्याच्या.

न्हाव्याच्या दुकानात डोकावलं, तर बुद्धिबळाचा पट तेलाच्या बाटल्यांखाली अंथरलेला. "उस्ताद? येतात की," न्हावी म्हणाला, आणि कात्री हातातून पडली.

सगळं जुळलं. पाळी बदललेली कळते कुणाला? ज्याच्या घरात बुटकीचा डबा भरतात त्याला. आक्का गाडीत बसल्या त्या दिवशी चोर आला नाही, कारण त्यानं ते ताटावरच ऐकलं होतं. तंबाखूचे पैसे कुठं गेले, तेही कळलं. पुढच्या दारानं तो उतरत नव्हता, कारण तिथून लेकीच्या आरशात दिसला असता. आणि ज्यानं आयुष्यभर पाळी संपली की गाडीतूनच डेपोत जाऊन मोठ्या फाटकातून घर गाठलं, तो कशाला काचेच्या स्थानकावर उतरेल?

पण एक गाठ सुटेना, आणि तीच आक्कांच्या छातीत रुतून बसली. कशासाठी? 'माणसं मारशील' म्हणणारा बाप लेकीच्या पाठीमागं चोरून बसतो तो कशाला? तिची चूक धरायला? एखादा धक्का, एखादा ओरखडा मोजून 'मी म्हटलं नव्हतं' म्हणायला?

तसं निघालं, तर या घरात दोन चुली होतील, असं आक्कांनी मनाशी ठरवलं. आणि नवऱ्याला काहीच न बोलता साहेबांकडे निरोप धाडला: सोमवारच्या आधी एकदा धुण्याच्या चौकात या. विजार भिजली तर इस्त्री फुकट.

६

ब्रशांच्या खांबाआड आक्का आणि साहेब उभे होते. बुटकीची गाडी चौकात शिरली, पाण्यातून पुढं सरकली आणि थांबली. मागचं दार उघडलं. आधी मावशी उतरली. मग टोपी घातलेला एक म्हातारा. त्यानं मागं वळून खिशातल्या रुमालानं बाकाजवळची दांडी पुसली, आणि फेसात पाय टाकला.

"हे तर उस्ताद!" साहेब पुढं झाले. आक्कांनी त्यांची बाही धरली.

"थांबा. मला बघायचंय."

म्हातारा फाटकाकडे गेला नाही. तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. बुटकी आता गाडी मागं घेत होती. मागं दोन गाड्या उभ्या होत्या, मधे एका गाडीपुरती जागा. दोन डब्यांची गाडी मागं घेणं म्हणजे सुईत हत्ती ओवणं. एक डबा डावीकडे न्यावा तर दुसरा उजवीकडे पळतो. गाडी आधी भलतीकडेच वळली. आक्कांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भाता हळूहळू सरळ होत होता, आणि ती प्रचंड गाडी तसूतसूनं, एकदाही न थांबता, दोन भिंतींमधे सावली शिरावी तशी आत शिरली. इंजिन बंद झालं. चौकात फक्त पाणी ठिबकत होतं.

आणि उस्तादनं डोक्यावरची टोपी काढली.

आक्कांनी त्याला टोपी काढताना फक्त झोपताना पाहिलं होतं. साहेबांपुढं नाही, मंत्र्यापुढं नाही, निवृत्तीच्या हारापुढंही नाही. तो टोपी छातीशी धरून उभा होता, आणि त्याचं तोंड लहान पोरासारखं उघडं राहिलं होतं. आक्कांच्या छातीतली गाठ तिथल्या तिथं सुटली.

राग मात्र सुटला नाही. "अहो!" त्या गरजल्या.

म्हातारा असा दचकला की टोपी फेसात पडली. बुटकी खाली उतरून धावत आली आणि बापाला बघून जागीच थिजली.

"कार्ड काढा," आक्का म्हणाल्या.

"तिकीट काढलंय मी," उस्ताद पुटपुटला. "एकदाही फुकट बसलो नाही. पहिल्या दिवसापासून चढतानाच पैसे दिलेत."

साहेबांनी कार्ड हातातल्या मशीनला लावलं. पडद्यावर आत, आत, आत. बाहेर एकदाही नाही.

"उस्ताद, उतरतानाही लावायचं असतं."

"उतरताना?" म्हातारा खरोखरच चकित झाला. "चढताना पैसे दिले की माणूस मोकळा. उतरणाऱ्याला तिकीट विचारायची रीत कुठली? हयात गेली माझी बसमधे, मी कधी ऐकलं नाही."

"त्या रीतीपायी सोमवारी हिचं स्टिअरिंग जाणार होतं," आक्का म्हणाल्या. "तुम्ही उतरत नाही, म्हणून ही वाटेत कुणा याराला सोडते, असं अख्खा डेपो बोलतोय."

उस्तादचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं लेकीकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी, सरळ. "मला ठाऊक नव्हतं, पोरी. देवाशपथ."

"बाबा, तुम्ही रोज होतात? मागं?" बुटकीनं विचारलं. "का?"

"वळणावर तू ब्रेक दाबत नाहीस," उस्ताद फेसातल्या टोपीकडे बघत म्हणाला. "आधीच सोडतेस. गाडीला कळू न देता. मला ते कधी जमलं नाही. पहिल्या दिवशी तू कुठं चुकतेस ते बघायला बसलो होतो, खोटं कशाला बोलू? मग... मग चुका बघायचं राहूनच गेलं."

"तुम्हीच शिकवलंत की. मला मांडीवर बसवून. 'गाडीला सांगायचं, दटावायचं नाही.'"

"मी फक्त सांगितलं होतं. करतेस तू."

साहेबांनी घसा साफ केला. "चौकशीचं कारण उरलं नाही. मी आजच तसं लिहून टाकतो. मात्र, आक्का, नियमाप्रमाणे उस्तादांना काहीतरी..."

"त्यांना काय द्यायचं ते मी देते. तुम्ही मधे पडू नका." आक्कांनी ओली टोपी उचलली, पिळली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली.

"ऐका. उद्यापासून पहिल्या बाकावर बसायचं, तिच्या पाठीशी, आरशात तोंड दिसेल असं. शेवटच्या स्थानकावर पुढच्या दारानं उतरायचं, चारचौघांसारखं कार्ड लावायचं. ताटावर पाणी हवं असेल तर तिच्याकडे मागायचं, माझ्याकडे नाही. मी आता तुमची टपालवाली नाही. नाव बदलायची शपथ घेतली होतीत ना? मग आजपासून उस्ताद ती. तुम्ही नुसते तिचे बाप." त्या श्वास घ्यायला थांबल्या आणि खाली बघून पुन्हा कडाडल्या. "आणि ते बूट दाराबाहेर! लेकीपुढं टोपी काढता येते, तर माझ्या फरशीपुढं बूटही काढता येतील."